समुद्रात पडेल

जयवंत परुळेकर मास्तरांनी आयुष्यात एकच भविष्य सांगितलं, आणि ते तंतोतंत खरं ठरलं. खोटं ठरलं असतं तर फार बरं झालं असतं, असं ते पुढे बायकोला कितीदा तरी म्हणाले. सुगंधाबाई त्यावर काही बोलत नसत. बोलून उपयोग नव्हता, कारण ज्या माणसाने त्या भविष्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला, तो हरेश्वर नाखवा तोवर उरलाच नव्हता.

मास्तर चारकोपच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. मूळ गाव परुळे, वडील गिरणीत, आणि स्वतःचं बिऱ्हाड कांदिवलीच्या एका चाळीत. मे महिन्यात बाकीचे मास्तर गावी जाऊन फणस खात, तेव्हा हे गृहस्थ १९७३ च्या सुट्टीत घरात डबे कापत बसले. अमेरिकेने त्याच महिन्यात स्कायलॅब नावाचं आख्खं घर आभाळात सोडलं होतं, आणि मास्तरांच्या अंगात आलं होतं. घासलेटचा डबा, वनस्पती तुपाचा डबा, मोडक्या छत्रीच्या काड्या, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, असल्या सामानातून त्यांनी शाळा उघडायच्या आत तिची नक्कल उभी केली. सुगंधाबाईंचा तुपाचा डबा त्यात गेला तो गेलाच.

"ही रॉकेटची इंधनाची टाकी होती," मास्तर सहावीच्या वर्गाला सांगत. "पण तिच्यात इंधन भरलंच नाही. आत मजले घातले, निजायच्या जागा केल्या, जेवायचं टेबल ठोकलं. सगळं जमिनीवर बांधलं, जमिनीवर भरलं आणि मग वर उडवलं. आता ती दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारते."

पोरांना एवढंच कळलं की आभाळात एक डबा फिरतोय. फक्त कमळ नावाची एक कोळ्याची मुलगी ते सगळं नीट ऐकून घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा बाप वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

हरेश्वर म्हणजे नाखवा, होडीचा मालक. चाळिशी उलटलेला, मनगटं जाड, बोलणं थोडं. पावसाळ्यात होड्या बंदरावर चढवून ठेवलेल्या असतात, तेव्हा कोळ्याला जाळी विणण्यापलीकडे काम नसतं. तो मागच्या बाकावर बसला, गुडघे मावेनात म्हणून आडवा बसला, आणि तास संपल्यावर नकलेपाशी आला.

"मास्तर, पानी किती भरलंय त्यान?" त्याने विचारलं.

"पावणेतीन हजार लिटर. दहा टाक्यांत. एकामागून एक तीन तुकड्या जायच्या आहेत, तिघातिघांच्या. सगळ्यांचं पाणी आणि बहुतेक सगळं खाणं आधीच भरून पाठवलंय."

"बराबर. दर्यान दुकान नसतं," हरेश्वर म्हणाला.

मास्तरांना तेव्हाच तो माणूस आवडला. सात वर्षं ते शास्त्र शिकवत होते आणि असा विद्यार्थी त्यांना कधी मिळाला नव्हता. कचरा कुठे टाकतात, हे त्याने विचारलं. खालच्या रिकाम्या टाकीत, दोन झाकणांच्या भोकातून, असं मास्तरांनी सांगितलं. तोंड वळवायचं असेल तर सुकाणू कुठे आहे, हे त्याने विचारलं. सुकाणू नाही, आत तीन मोठे भोवरे सतत फिरत असतात, त्यांच्या जोरावर ती वळते. नाखव्याने भोवऱ्यांचा थोडा वेळ विचार केला आणि मान डोलावली.

"रातचा पहारा कुनाचा?"

"तिघंही एकदम झोपतात. जमिनीवरची माणसं लक्ष ठेवतात."

"जमिनीवर बसून होरी राखायची?" हरेश्वर म्हणाला. ही एकच गोष्ट त्याला पटली नाही, ती शेवटपर्यंत पटली नाही.

त्या पावसाळ्यात मास्तर दर रविवारी कोळीवाड्यात जाऊ लागले. हरेश्वरची बायको पार्वती त्यांच्यापुढे कोरा चहा ठेवायची, आणि तिच्या माळ्यावर टांगलेली सुक्या बोंबलांची ओझी, तांदळाची कणगी, सरपणाच्या मोळ्या दाखवून हरेश्वर म्हणायचा, "ही बघा आमची स्कायलॅब. वैशाखान भरली, नारली पुनवेपरत चालवायची." पार्वती पदराआड हसायची. वर जाताना स्कायलॅबची उन्हाची ढाल फाटून गेली, आत भट्टी झाली, मग पहिल्या तिघांनी जाऊन आतूनच एका भोकातून छत्री बाहेर काढून उघडली, ही हकीकत त्याने तीन वेळा सांगायला लावली. फुटलेली होडी दर्यातच सांधणारी माणसं त्याला आपली वाटली. पांगाऱ्याच्या लाकडाची तीन बोटभर माणसं कोरून त्याने शाळेत आणून दिली, आणि मास्तरांनी ती तुपाच्या डब्यात टेबलाभोवती बसवली.

पाऊस ओसरल्यावर एका संध्याकाळी दोघांनी खाडीवरून स्कायलॅब जातानाही पाहिली. तिवरांवरून एक ठिपका न लुकलुकता सरकत गेला. हरेश्वरने नकळत हात वर केला, समोरून जाणाऱ्या होडीला करतात तसा.

मग फेब्रुवारी उजाडला आणि शेवटचे तिघे उतरले. मास्तरांनी ही बातमी मोठ्या उत्साहात सांगितली. चौऱ्याऐंशी दिवस राहिले, इतके दिवस वर कुणीच राहिलं नव्हतं.

"आता वर कोन हाय?" हरेश्वरने विचारलं.

"कुणी नाही. दार नुसतं लोटून ठेवलंय, आणि एका पिशवीत थोडं खाणं वगैरे ठेवलंय म्हणतात. पुढे कुणी गेलं तर."

"ते चांगलं केलान. पन होरी मोकली सोरली ना?"

"अहो, ती पडत नाही लगेच. नवी गाडी बनवतायत. ती जाऊन हिला धक्का देईल, आणखी वर ढकलेल."

त्यानंतर दर वर्षी होड्या वर चढल्या की मास्तर दिसताच हरेश्वर विचारायचा, "आली काय तुमची गारी?" आणि मास्तर म्हणायचे, "येईल नाखवा, येईल." पाच वर्षं ही थट्टा चालली. मधल्या काळात कमळ मॅट्रिक झाली, हरेश्वरने जुनी होडी मोडून नवी बांधली आणि तिला हिंगळादेवी नाव दिलं. बांधताना त्याने मास्तरांना रोज बोलावून फळी न् फळी दाखवली. घर गळलं तरी चालेल, होडी गळता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं.

गाडी आली नाही. सूर्य नेहमीपेक्षा जास्त तापला, त्याने वरची विरळ हवा फुगली, तिच्यात घासत घासत स्कायलॅब खाली येऊ लागली. १९७९ च्या उन्हाळ्यात ते वर्तमानपत्रांत आलं आणि जुलै लागेपर्यंत सगळ्या उपनगरांची वाट लागली. कुणी कोंबड्या कापून खाल्ल्या, उगाच वाया जायला नकोत म्हणून. कुणी बायकामुलं गावी धाडली. मास्तरांच्या चाळीतले तळमजल्यावरचे मार्तंडराव तर पलंगाखाली निजू लागले, जणू सत्त्याहत्तर टनांचं धूड पलंगाला घाबरून बाजूने जाणार होतं.

या धांदलीत जयवंत मास्तरांना एकदम भाव आला. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. सहा वर्षं ज्यांनी डबेवाले मास्तर म्हणून त्यांची टिंगल केली तेच आता जिन्यात वाट अडवून विचारत, मास्तर, कुठे पडणार हो? मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं. ते जरा हसत, चष्मा पुसत आणि म्हणत, "पृथ्वीवर तीन भाग पाणी आहे. समुद्रात पडेल. काळजी सोडा." रेशनच्या रांगेत म्हणाले, शाळेत म्हणाले, दिंडोशीला एका वसाहतीत बोलावून नेलं तिथे म्हणाले. दर वेळी ऐकणाऱ्यांचे चेहरे सैल पडत आणि कुणीतरी चहा मागवी.

हरेश्वरसाठी त्यांच्यापाशी एक गंमतही राखून ठेवलेली होती. रशियाचंही एक स्थानक वर फिरत होतं आणि गेल्या वर्षापासून त्याला माल पोचवायला माणसाविना गाडी जात होती. अन्न, पाणी, इंधन घेऊन आपोआप जायची आणि चिकटायची. म्हणजे दर्यात आता दुकान आलं होतं. नाखवा यावर काय म्हणेल, या विचाराने मास्तर मनातल्या मनात हसत. पण व्याख्यानांच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं.

दहा जुलैच्या दुपारी ते कोळीवाड्यात गेले, तेही हरेश्वरने निरोप धाडला म्हणून. बंदरावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. मागे होड्या टेकूंवर ओळीने उभ्या, अंगावर झावळ्यांचे झाप. मास्तरांना बसायला पेटी दिली. पाच वाजता बोरिवलीच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं, त्यामुळे ते बसले नाहीत.

"काळजी सोडा," ते हसून म्हणाले. "तीन भाग पाणी आहे. समुद्रात पडेल."

कुणीही हसलं नाही. पार्वतीने तोंडाला पदर लावला. एका म्हाताऱ्याने हात जोडले, ते मास्तरांना नव्हे, खाडीकडे तोंड करून. मास्तरांना वाटलं, यांना नीट ऐकू गेलं नसावं. म्हणून ते जरा मोठ्याने पुन्हा म्हणाले, "समुद्रात. जमिनीवर नाही."

लोकांच्या तोंडची ही शांतता मास्तरांना समजायला हवी होती. पण गिरणगावात वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे मोकळी जागा. जिथे कुणी राहत नाही ती. चाळीत, रांगेत, दिंडोशीला त्यांनी ज्या जागेत ते धूड टाकून दिलं, तिथेच ही माणसं राहत होती, आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"मास्तर, वजन किती बोललेलात?" हरेश्वरने विचारलं.

"सत्त्याहत्तर टन."

"येवढं वरून दर्यान परलं तर पानी किती चरंल?"

"अहो नाखवा, तुकडे होतील. समुद्र केवढा मोठा आहे."

"उद्या उधान हाय. पुनव कालच झाली. येवढ्या पान्यावर आनखी पानी आलं तर खारीतनं वर येल." हरेश्वर होड्यांकडे बघत होता. "होऱ्या वर घ्यायला होव्या."

मग कोळ्यांमध्ये बोलणं सुरू झालं आणि ते पटकन तापलं. एकदा पूजा करून वर बसवलेली होडी नारळी पुनवेपर्यंत हलवायची नाही, हा त्यांचा रिवाज. ती निजलेली असते, तिला मधेच उठवत नाहीत. म्हातारे काही केल्या ऐकेनात. हरेश्वर म्हणत होता, रिवाज केला त्या वक्ताला वरून काय परायचं नव्हतं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. थांबून, खाली बसून, वाळूत काटकीने आकृती काढून दाखवायला अर्धा तास पुरला असता. लाट कधी येते, कधी येत नाही, तुकडे केवढे होतील, हे सगळं त्यांना येत होतं. पण बोरिवलीला हार-नारळ तयार होता. ते म्हणाले, "नाखवा, मी परवा येतो. मग बोलू," आणि निघाले. व्याख्यान झकास झालं, सभागृहात उभं राहायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं जेमतेम दहा होती. अडीचच्या सुमारास कमळ दारात आली. ती साडीत होती आणि साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली होती. सहावीत असताना उभी राहायची तशीच, आत यायची परवानगी मागत असल्यासारखी ती उभी राहिली.

"मास्तर, बाबा होरीखाली आले," ती म्हणाली.

मास्तर चपला न घालताच धावले. बंदरावर हिंगळादेवी एका कुशीवर कलंडून पडली होती. काय झालं ते हरेश्वरच्या पुतण्याने, चंदूने, त्यांना मागाहून तुटक तुटक सांगितलं. म्हाताऱ्यांनी नाही म्हटलं ते नाहीच. होडी ओढायला तीस माणसं लागतात, आले सहा. उधाणाचं पाणी होडीच्या बुडापर्यंत आलं तेव्हा त्या पाण्याच्या आधाराने तिचं तोंड फिरवून, ओंडक्यांवरून देवळाच्या चढापर्यंत न्यायची, असा हरेश्वरचा बेत होता. दहा हात नेलीही. मग चिखलात एक ओंडका फिरला. सगळ्यांनी दोर सोडले. हरेश्वर मात्र टेकू द्यायला तिच्या खालच्या अंगाला गेला.

"मी बोललो, काका सोर," चंदू म्हणाला. "तो बोलला, मास्तरान सांगितलंय, दर्यान परनार. आज सोरली तर होरी गेली."

हरेश्वरला काढायलाही माणसं कमी पडली. तेव्हा मात्र म्हातारे धावत आले, सगळा कोळीवाडा आला, तीसचे चाळीस झाले. टेम्पोतून कांदिवलीला नेईपर्यंत तो गेला. मास्तर टेम्पोत त्याच्या पायांशी बसले होते.

त्या रात्री स्कायलॅब पडली. सकाळी रेडिओने सांगितलं: बहुतेक तुकडे हिंदी महासागरात, थोडे ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात. कुणालाही इजा झाली नाही. चाळीत लोकांनी एकमेकांना साखर वाटली. मार्तंडराव पलंगाखालून निघाले ते थेट मास्तरांच्या खोलीत पेढे घेऊन आले. "मास्तर, मानलं बुवा," ते म्हणाले, "तुमचं अक्षर न् अक्षर खरं ठरलं."

मास्तर स्मशानातून नुकतेच आले होते. त्यांनी पेढा हातात घेतला आणि धरून बसले. मार्तंडराव गेल्यावर सुगंधाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आता दुपारचा जेवक येतास मा?" त्यांनी विचारलं. मास्तर नाही म्हणाले. "मगे त्या पार्वतीकडे जावन बसा. हय बसान काय होवचा नाय."

ते गेले नाहीत. दहाव्याला गेले नाहीत, तेराव्यालाही गेले नाहीत. शाळेत जाता-येता कोळीवाडा टाळून लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. पार्वती आपल्याला काय म्हणेल ते त्यांनी मनात हजार वेळा म्हणून पाहिलं होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द त्यांना कबूल होता. फक्त तो तिच्या तोंडून ऐकायची हिंमत नव्हती. एक दिवस त्यांनी शाळेतलं कपाट उघडलं, डब्यातली तीन लाकडी माणसं बाहेर काढली आणि परत ठेवली. नक्कल मोडायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

नारळी पुनवेच्या सकाळी कमळ घरी आली. "आईने बोलावलंय," एवढंच म्हणाली.

बंदर माणसांनी भरलं होतं. होड्यांना रंग दिलेला, पताका लावलेल्या. हिंगळादेवीलाही रंग दिला होता, पताका मात्र नव्हती. पार्वती एका पालथ्या पाटीवर बसली होती, कपाळ मोकळं. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मान खाली घातली. आता बोल बाई, असं ते मनात म्हणाले.

"मास्तर, ती वस्तू कुठं परली?" पार्वतीने विचारलं.

"समुद्रात, वहिनी."

तिने मान हलवली. मग शेजारच्या बायकांकडे वळून ती म्हणाली, "हे आमचं मास्तर. ह्यांनी आधीच सांगितलेलं, दर्यान परंल म्हून. तशीच परली. कमलचे बाबा बोलाचे, मास्तर कवा खोटं बोलाचा नाय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मास्तरांनी तो शोधून पाहिला. ती खरोखर आपल्या नवऱ्याची बाजू घेत होती: तो वेडा नव्हता, तो खऱ्यासाठीच गेला, एवढंच तिला चारचौघींत सांगायचं होतं. बायका मास्तरांकडे आदराने पाहू लागल्या. मास्तरांना वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर आपण घरी जाऊन जेवलो असतो.

नारळ खाडीला अर्पण झाला. होड्या एकेक करून सुटायला लागल्या. चंदूने हिंगळादेवीचा दोर हातात घेतला, पण सोडला नाही. तो मास्तरांकडे आला. त्याच्या मागे होडी हलवायला नाही म्हणणारे म्हातारेही आले, आणि आपल्या होड्यांपाशी उभी असलेली माणसं थांबून बघू लागली.

"मास्तर, तुमचं तोंडून ऐकाचं हाय," चंदू म्हणाला. "होरी घालू ना पान्यान? वर आनखी काय ऱ्हायलंय काय परायचं?"

मास्तरांनी वर पाहिलं. वर रशियाचं स्थानक फिरत होतं. त्यात दोन माणसं पाच महिन्यांपासून राहत होती, त्यांना पाणी पोचत होतं, अन्न पोचत होतं, आणि एक दिवस तीही उतरणार होती. मग ते रिकामं घरही खाली यायचं होतं, आणि तीन भाग पाणी होतंच. हे सगळं ज्याला सांगायचं होतं त्याची बायको पाटीवर बसून त्यांच्या उत्तराची वाट पाहत होती.

"नाही," जयवंत मास्तर म्हणाले. "वर आता काहीच नाही."

"बघ," पार्वती चंदूला म्हणाली. "मास्तर बोलले ना. घाल होरी."

चंदूने दोर सोडला.